आंबोलीत चार दिवस, एकच वाट

जुलैचा दुसरा आठवडा, सोमवार ते गुरुवार. वार मुद्दाम असे निवडले होते. शनिवार-रविवारी आंबोलीच्या मुख्य धबधब्यापाशी गाड्यांची रांग, भाजलेली कणसं, स्पीकर आणि ओल्या माणसांची दाटी असते. मंगळवारी सकाळी त्याच वळणावर नुसतं पाणी कोसळत असतं. डोकं शिणलंय म्हणून रानात जायचं असेल, तर ठिकाण ठरवण्याआधी वार ठरवावा.

चार दिवसांत पाहायच्या जागा दोनच धरल्या होत्या, हिरण्यकेशी आणि चौकुळ. उरलेला वेळ मुक्कामाच्या घरामागच्या एका वाटेवर, रोज तीच वाट. आंबोलीत 'पॉइंट' पुष्कळ आहेत आणि गाडी केली की एका दिवसात सात-आठ उरकता येतात. पण त्यात घड्याळ, ड्रायव्हरचा फोन, 'पुढे काय?' हे सगळं सुटत नाही. कामाच्या दिवशी जी घाई असते तीच हिरव्या पडद्यासमोर चालू राहते, आणि परतल्यावर माणूस म्हणतो, छान झालं पण दमलो.

सोमवार

कोकण रेल्वेने सावंतवाडी रोड, तिथून एसटीने सावंतवाडीमार्गे घाट. सावंतवाडीपासून आंबोली साधारण 30 किलोमीटर आहे. दाणोली मागे पडली की हवा बदलते, आणि घाटाच्या वरच्या वळणांवर खिडकीबाहेर धुक्याशिवाय काही उरत नाही. स्वतःची गाडी असेल तर धुक्यात हेडलाइट खाली ठेवावेत. वर केले की उजेड धुक्याच्या थेंबांवरून आपल्याच डोळ्यांत परततो आणि रस्ता आणखी दिसेनासा होतो.

आंबोली सुमारे 690 मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या अगदी कड्यावर आहे. समुद्रावरून आलेले ढग इथे पहिल्यांदा अडतात. वर्षाचा पाऊस 7,000 मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. म्हणजे जुलैत जाताना पाऊस थांबेल या आशेवर काहीही आखू नये.

घराच्या काकींनी पायरीवरच सांगितलं, "पाऊस खय पळान जाना नाय. वायच बसा, चाय घेवा." पहिल्या दुपारी करायचं ते एवढंच. पडवीत बसायचं. कौलांवरून पडणाऱ्या पागोळ्या, अंगणातली शेवाळलेली तुळस, समोर फणस आणि त्यामागे येणारं-जाणारं धुकं. पहिले दोन तास हात सारखा खिशाकडे जातो. शहरातून आलेल्या जवळजवळ प्रत्येकाचं असं होतं, त्यात काही चुकलं असं समजू नये. दर काही मिनिटांनी नवीन काहीतरी येणार याची सवय अंगात भिनलेली असते, आणि ते येईनासं झालं की आधी अस्वस्थता येते, मग कंटाळा, आणि त्यानंतर कुठे समोरचं दिसायला लागतं. कंटाळ्याच्या टप्प्यावर बरेच जण गाडी काढून कुठेतरी निघतात आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

फोनचं इथे सोपं जमतं, कारण गावात रेंज येत-जात असते. तरी घरच्यांना एक वेळ सांगून ठेवावी; आम्ही संध्याकाळी सातची ठेवली होती. त्या वेळी दहा मिनिटं फोन चालू, मग पुन्हा बंद. वेळ ठरलेली नसेल तर घरचे काळजीत राहतात आणि आपण 'कुणाचा आला असेल' या विचारात.

रात्री जेवायला कुळथाची पिठी, उकड्या तांदळाचा भात, फागलांची भाजी आणि भाजलेला सुका बांगडा. फागलं म्हणजे देशावरची कर्टोली. पिठीत कोकम आणि लसूण सढळ होतं. आठला जेवण, साडेनऊला अंधार. इथला अंधार खरा असतो, आणि सकाळचा उजेडही पडदे न ओढता थेट अंगावर येऊ द्यावा. झोपेचं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं; दोन दिवसांत झोपेची वेळ आपसूक अलीकडे सरकते.

खोली घेताना एक गोष्ट नक्की बघावी. पावसाळ्यात खालच्या मजल्याच्या भिंतींना बुरशी धरते. दमा किंवा सर्दीचा त्रास असलेल्याने वरच्या मजल्यावरची, कोरड्या भिंतीची खोली मागावी आणि पंप सोबत ठेवावा. रात्रभर बुरशीचा वास घेत झोपलं तर दिवसाच्या रानाचा काही उपयोग होत नाही.

मंगळवार

पहाटे साडेपाचच्या सुमारास, अजून पुरतं उजाडलेलं नसताना, शीळ. कुणीतरी पोरगा उगाच, चाल न ठरवता, रमतगमत वाजवतोय अशी. हा शीळकरी कस्तूर. निळसर काळा, ओढ्याकाठी राहणारा पक्षी. पावसाळा हा त्याच्या विणीचा काळ, म्हणून गाणंही याच दिवसांत. ओढ्याच्या खळखळाटावरूनही त्याची शीळ स्वच्छ ऐकू येते. सकाळी सातनंतर ती विरळ होत जाते, तेव्हा हे ऐकायचं असेल तर गजर लावावा. या सहलीतला एवढाच गजर.

नाश्त्याला घावणे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी, मग हिरण्यकेशी. गावापासून पाचेक किलोमीटर. देवळापाशी गुहेतून पाणी बाहेर येतं आणि तीच हिरण्यकेशी नदी. इथून अरबी समुद्र एवढा जवळ, तरी ही नदी पूर्वेला वळते, घटप्रभेला मिळते, पुढे कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जाते. याच पाण्यात सापडलेल्या एका छोट्या माशाचं वर्णन 2020 मध्ये शास्त्रीय नोंदीत आलं, नाव शिस्टुरा हिरण्यकेशी. 2021 मध्ये राज्य सरकारने ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. म्हणून कुंडात साबण नको, प्रसाद नको, माशांना चुरमुरे नकोत. पावसाळ्यात गुहेत शिरू नये. पाण्याचा जोर आत कळत नाही.

बसायची जागा देवळापासून जरा लांब, नदीकाठच्या झाडीत शोधली. ही निवड नीट करावी लागते. पाण्याच्या अगदी काठावर बसू नये, वर पाऊस वाढला की पातळी काही मिनिटांत चढते. डोक्यावर वाळकी फांदी नाही ना ते पाहावं. मागे सुटी माती किंवा दरडीचा उतार नको. आणि मोठ्या पाण्याच्या फार जवळ नको, कारण त्या आवाजात बाकी सगळं बुडतं. तीस-चाळीस पावलं मागे सरकलं की आवाज सुटे होतात. नदीचा एक, पानांवरून गळणाऱ्या थेंबांचा दुसरा, कुठेतरी बुलबुलाचा तिसरा.

खाली गोणपाट दुमडून, त्यावर प्लास्टिकची पिशवी. ओला जांभा दगड अंगातली ऊब ओढून घेतो आणि दहा मिनिटांत उठावंसं वाटतं. बरीच बैठक याच कारणाने फसते. वर मोठी काळी छत्री. झाडीत रेनकोटपेक्षा छत्रीच बरी. रेनकोटमध्ये चालताना घाम साचतो, मग बसल्यावर तोच घाम थंड होऊन हुडहुडी भरते. कड्यावर, वाऱ्यात मात्र छत्रीचा काही उपयोग नाही, तिथे रेनकोटच.

किती वेळ बसायचं? मिशिगन विद्यापीठातल्या मेरीकॅरल हंटर आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये 36 शहरी लोकांवर केलेला एक अभ्यास आहे. आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, किमान दहा मिनिटं झाडांच्या सहवासात. आधी आणि नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात वाढणारं संप्रेरक, मोजलं. ते उतरण्याचा वेग वीस ते तीस मिनिटांच्या दरम्यान सर्वात जास्त आढळला, त्यापुढेही फायदा होता पण सावकाश. त्यांच्या अटी जास्त शिकण्यासारख्या आहेत: त्या वेळात फोन नाही, गप्पा नाहीत, वाचन नाही, दम लागेल असा व्यायाम नाही. म्हणून आम्ही पाऊण तास धरला. पहिली पंधरा मिनिटं नुसती स्थिरावण्यात जातात.

डोळे मिटून ध्यान वगैरे करायची गरज नाही. ज्यांचं मन आधीच विचारांत गुरफटलेलं आहे त्यांना डोळे मिटले की विचारच जास्त ऐकू येतात. डोळे उघडे ठेवावेत आणि हलणारी एखादी बारीक गोष्ट धरावी. एक पान, त्याच्या टोकाशी साचणारा थेंब, तो सुटला की वर उसळणारं पान, पुन्हा साचणारा थेंब. मग सर्वात लांबचा आवाज शोधावा, मग सर्वात जवळचा. छातीत धडधड जास्त असेल तर श्वास चार मोजत आत आणि सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. बाहेर जाणारा श्वास लांबला की हृदयाचे ठोके मंदावतात. मन पुन्हा कामाकडे गेलं तर जाऊ द्यावं, थेंब तिथेच असतो.

स्टीफन आणि रेचल कॅप्लन या मानसशास्त्रज्ञांनी याची फोड चांगली केली आहे. हिशेब, वाहतूक, मेल यांना आपण जोर लावून लक्ष देतो आणि तो जोर दिवसभरात संपतो. पाणी, पानं, ढग यांच्याकडे लक्ष आपणहून जातं, त्यासाठी जोर लागत नाही, आणि तेवढ्या वेळात संपलेला जोर भरून येतो. धुक्यात हे अधिक जाणवतं, कारण वीस पावलांपलीकडचं काही दिसतच नाही आणि लक्ष द्यायच्या गोष्टी आपोआप कमी होतात.

आता जळवा. आंबोलीच्या पावसाळ्यात त्यांना भेटावंच लागतं, आणि त्यांची धास्ती घेऊन बसलं तर पाऊण तास पायांकडे बघण्यातच जातो. घट्ट विणीचे लांब मोजे, पँटचे पाय मोज्यात खोचलेले. गावकरी तंबाखू-चुना घोट्याभोवती लावतात. मोज्यावर लावला तर पाण्याने धुऊन जाईपर्यंत चालतो. जळू चिकटलीच तर मीठ, काडेपेटी काही नको. तिने पोटातलं जखमेत ओकू नये म्हणून निमुळत्या टोकाकडून नख आडवं सरकवून तोंड सोडवावं, मग जाड टोक. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं, त्यामुळे रक्त बराच वेळ झिरपतं. ते पाहून घाबरू नये. पाण्याने धुवावं, कापूस दाबून पट्टी लावावी. रात्री खाज येते, खाजवू नये.

दुपारी घरी नाचणीची भाकरी, टाकळ्याची भाजी आणि सोलकढी. संध्याकाळी घरामागच्या वाटेने अर्धा तास, जिथे धुकं आडवं आलं तिथून परत.

बुधवार

चौकुळ. आठ-दहा किलोमीटर; सकाळची एसटी गाठली तर उत्तम, नाहीतर रिक्षा सांगून ठेवावी. शेतांत लावणी चालू होती. डोक्यावरून पाठीपर्यंत प्लास्टिकच्या खोळी, दोन-तीन जुनी इरलीही दिसली. इरलं म्हणजे बांबूच्या कामट्या आणि पानांचं पाठीवरचं छप्पर. वाकून काम करताना पाणी पाठीवरून निथळतं आणि दोन्ही हात मोकळे राहतात. बांधावर उभे राहिलो तर एका मावशींनी विचारलं, "तरवो लावूक येता?"

शिकवलं त्यांनीच. तरवा, म्हणजे भाताची रोपं, उपटून मुळांची माती पाण्यात झटकायची. तीन-चार रोपांचा एक चूड, मुळं अंगठा आणि दोन बोटांत धरून चिखलात अंगठ्याने दाबायची, साधारण वीतभर अंतर. खोल दाबलं तर फुटवे कमी येतात, वर ठेवलं तर पहिल्या जोराच्या सरीत चूड तरंगतो. आमच्या रांगेतले निम्मे चूड मावशींनी मागून येऊन पुन्हा बसवले. तासभर हे केलं. घोटाभर गार चिखल, एकाच लयीत वाकणं-उठणं, शेजारच्या बायांच्या गप्पा. ज्याला नुसतं बसवत नाही त्याच्यासाठी हे काम बैठकीपेक्षा सरस आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र विचारल्याशिवाय कुणाच्या शेतात उतरू नये. लावणीचे दिवस मोजके असतात आणि पाहुण्यांनी मोडलेला बांध त्यांनाच बांधावा लागतो. फोटोही विचारूनच.

दुपारनंतर सडा. जांभ्याचं सपाट, उघडं पठार, खळग्यांत साचलेलं पाणी, काठाने कोवळं गवत. फुलांचा खरा बहर ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरात. तेव्हा निळ्या-जांभळ्या सीतेच्या आसवांनी सडा भरतो. जुलैत रंग हिरवा आणि करडा एवढेच, पण अशा वेळी सड्यावर माणूस नसतो. चालताना खळगे टाळून चालावं. त्या चार बोटं पाण्यात बेडकांची पिल्लं वाढत असतात. आकाशात गडगडाट सुरू झाला की सडा सोडून खाली यावं, कारण उघड्या पठारावर सर्वात उंच आपणच असतो.

रात्र बेडकांची. आंबोली बेडकांसाठी अभ्यासकांत प्रसिद्ध आहे. पिवळ्या पट्ट्यांचा आंबोली टोड 2009 मध्ये नवी जात म्हणून नोंदवला गेला. तो पहिल्या पावसात जांभ्यावरच्या उथळ डबक्यांत वीण करतो आणि अतिसंकटग्रस्त यादीत आहे. त्याला पाहायचं तर जूनमध्ये यावं. जुलैत उडता मलबारी बेडूक दिसतो, हिरवागार, बोटांमध्ये लाल पडदे. पाण्यावर वाकलेल्या फांदीला फेसाचं पांढरं घरटं चिकटवलेलं असतं, त्यातून पिल्लं खाली पाण्यात टपकतात. झुडपांमधून 'टिक्-टिक्' ऐकू येते ती नखाएवढ्या झुडपी बेडकांची. त्यांच्या अंड्यांतून थेट बेडूकच बाहेर पडतो, शेपटीचं पिल्लू पाण्यात पोहायची पायरी मधे नसते.

रात्री एकट्याने निघू नये. सोबत गावातला जाणकार हवा, आणि राखीव जंगलात न शिरता रस्त्याच्या कडेनेच चालायचं. इथे झुडपांवर, कमरेच्या उंचीला, हिरवा चापडा साप बसलेला असतो. विषारी आहे पण आपणहून अंगावर येत नाही. फांदी न बघता धरली तर चावतो. म्हणून हात खिशात किंवा पाठीमागे, पायांत गमबूट. टॉर्च डोळ्यांच्या रेषेत धरला की पानांतले डोळे चमकून दिसतात. बेडकांना हात लावू नये. आपल्या हाताला डास पळवायचं मलम असतं आणि त्यांची कातडी ते शोषून घेते. फ्लॅशचा एकच फोटो, मग पुढे.

वाटेत एका जागी सोबतच्या दादांनी सगळ्यांना टॉर्च बंद करायला लावले, पाच मिनिटं. आधी अंधार नुसता काळा होता. मग आवाज डावीकडचे, उजवीकडचे, वरचे असे वेगळे झाले, आणि मग पावसाचाच आवाज तीन प्रकारचा ऐकू यायला लागला: छत्रीवरचा, केळीच्या पानावरचा आणि डबक्यातला. कुणी बोललं नाही. टॉर्च लावायचे म्हटल्यावरही थोडा वेळ कुणी लावले नाहीत.

गुरुवार

सकाळी तीच घरामागची वाट, चौथ्यांदा. पहिल्या दिवशी ती नुसती हिरवी होती. आता अंजनीचं खोड वेगळं कळत होतं, जांभळाखालची गळून पडलेली फळं दिसत होती, आणि दुसऱ्या वळणावरच्या दगडावर कस्तूर बसतो हे ठाऊक झालं होतं. एकाच वाटेचा हा फायदा आहे. नवीन जागी डोळे रस्ता, घसरण, दिशा यांत गुंतलेले असतात. ओळखीच्या वाटेवर ते काम नसतं आणि नजर मोकळी होते. पायाला पाय लावून, दहा मिनिटांची वाट चाळीस मिनिटांत चालावी. उतारावर शेवाळलेल्या जांभ्यावर टाच आधी टेकवू नये, पूर्ण पाऊल सपाट ठेवावं.

थोडं कपड्यांबद्दल, कारण चार दिवसांत सगळ्यांची चिडचिड यावरूनच झाली. इथे काहीही वाळत नाही. जीन्स आणू नये. पातळ सिंथेटिक पँटी तीन, मोज्यांचे पाच जोड, टॉवेलऐवजी दोन पंचे. कातडी बूट एकदा भिजले की परतीपर्यंत भिजलेले राहतात. गमबूट किंवा चांगल्या पकडीचे सँडल बरे. रात्री बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत आणि झोपण्याआधी एकदा बदलावेत. एक सुका जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावा आणि काही झालं तरी घराबाहेर घालू नये. रात्री कोरडे मोजे मिळणं हे या सहलीतलं मोठं सुख आहे.

एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. कामाच्या ताणाने आलेला शीण असा उतरतो. पण आठवडे उलटले तरी झोप नाही, जेवण जात नाही, जगणं नको वाटतं, अशी अवस्था असेल तर आधी डॉक्टर. रान त्याच्या जोडीला. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन 14416 वर मराठीतही बोलता येतं.

परतल्यावर हे किती टिकतं, हा पुढचा प्रश्न. इंग्लंडमधल्या सुमारे 20,000 लोकांच्या माहितीवरून 2019 मध्ये असं दिसलं की आठवड्याला एकूण 120 मिनिटं निसर्गात घालवणारे स्वतःची तब्येत आणि समाधान चांगलं असल्याचं जास्त प्रमाणात सांगतात, आणि ही मिनिटं एकदम घालवली की तुकड्यांनी, याने फरक पडत नव्हता. म्हणजे दिवसाला सतरा-अठरा मिनिटं. पुण्यात टेकडी आहे, ठाण्यात येऊर, कोल्हापुरात रंकाळ्याचा काठ. तेही नसेल तर सोसायटीतलं एक झाड ठरवावं, रोज तेच, फोन घरी ठेवून.

एसटी दुपारची होती. निघताना काकींनी कुळथाचं पीठ बांधून दिलं आणि कृती दोनदा सांगितली. चार माणसांना चार मोठे चमचे पीठ, आधी गार पाण्यात गुठळ्या मोडून घ्यायचं, लसूण-मिरचीच्या फोडणीत पाणी उकळलं की ओतायचं आणि हात थांबवायचा नाही, कोकम शेवटी. पीठ दोन पिशव्यांत बांधलेलं असूनही सावंतवाडीला पोहोचेपर्यंत बाहेरची पिशवी ओली झाली होती.